बांध, कुंपण आणि शेजार : नांदेड-लातूर परिसरातील हद्दीच्या वादांचे स्वरूप

प्रस्तावना

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील कोणत्याही तहसील कार्यालयाच्या आवारात कामकाजाच्या दिवशी गेले असता पिशवीत सातबाऱ्याचे उतारे, जुन्या नकला आणि अर्जांच्या पोचपावत्या बाळगणारी माणसे हमखास भेटतात. त्यांच्याशी बोलल्यास बहुधा एकच वाक्य कानी येते : "शेजाऱ्यानं बांध कोरला." अलीकडे याला दुसरे वाक्य जोडले गेले आहे : "आता तो कुंपण घालतोय." या दोन वाक्यांतील अंतर लहान दिसते, परंतु बांध कोरल्याची तक्रार वर्षानुवर्षे धुमसत राहते, तर कुंपणाचा पहिला खांब रोवला जाताच ती विकोपाला जाते. असे का होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्राध्यापकवर्गातील अनेकांची वडिलोपार्जित शेती गावाकडे आहे. आपल्या वर्गात बसणारे बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात आणि त्यांपैकी काहींच्या शिक्षणाचा खर्च अशाच एखाद्या दाव्यात अडकलेला असतो. म्हणून कायदा, भूगोल, इतिहास व समाजशास्त्र या चारही अंगांनी या प्रश्नाची ओळख करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे. कुंपणामुळे वाद निर्माण होतो, हा समज अपुरा आहे. वाद आधीच असतो. जमिनीची कागदावरील रेषा, वहिवाटीची रेषा आणि आठवणीतील रेषा या तीन रेषा एकमेकींशी जुळत नाहीत. बांध ही विसंगती सांभाळून घेतो, कुंपण ती उघडी करते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बांध आणि कुंपण यांतील भेद

बांध म्हणजे दोन शेतांमधील मातीचा किंवा दगडमातीचा उंचवटा. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या नांदेडच्या भागात त्यास धुरा असेही म्हणतात. बांध ही केवळ रेषा नसते. त्याला रुंदी असते आणि त्या रुंदीवर दोन्ही बाजूंचे व्यवहार चालतात. त्यावरून माणसे आणि जनावरे ये-जा करतात, त्यावरचे गवत कापले जाते, लिंबा-बाभळीच्या सावलीत दोन्ही शेतांतील माणसे भाकरी खातात आणि पावसाचे जादा पाणी त्यातील सांडीतून खालच्या शेतात उतरते. मालकी कोणाची, हा प्रश्न न विचारताही बांधाचा उपयोग होत राहतो.

कुंपणाला अशी रुंदी नसते. पूर्वी बोरी-बाभळीच्या फांद्यांचे किंवा निवडुंग, घायपाताचे कुंपण असे. ते दरवर्षी नव्याने घालावे लागे, म्हणजेच दरवर्षी ते थोडे इकडेतिकडे सरकू शकत असे. सिमेंटचे खांब आणि काटेरी तार आल्यावर ही लवचीकता संपली. रोही, रानडुकरे आणि हरणांचे कळप यांपासून सोयाबीन, तूर, हरभरा वाचविण्यासाठी तारकुंपणाची गरज खरी आहे, याविषयी दुमत नाही. परंतु खांब कोठे रोवायचा हे ठरविताना तीन रेषांपैकी एकच निवडावी लागते आणि उरलेल्या दोन रेषा मानणारा शेजारी आपोआप प्रतिपक्ष होतो. (वीजवाहिनीतील प्रवाह थेट तारेत सोडणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा असून तो माणसांच्या जिवावर बेतणारा आहे, त्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही.)

प्राचीन शास्त्रात हद्दीचा विचार

हद्दीचा वाद आजचा नाही. मनुस्मृतीत व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत सीमाविवाद हे एक स्वतंत्र पद आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही सीमाविवादाचे प्रकरण असून त्या स्मृतीवरील मिताक्षरा ही विख्यात टीका विज्ञानेश्वराने चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य (कारकीर्द इ. स. १०७६ ते ११२६) याच्या काळात कल्याणी येथे लिहिली. कल्याणी म्हणजे लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. ज्या परिसराचा विचार आपण करीत आहोत, त्याच्या उंबरठ्यावरच हा ग्रंथ सिद्ध झाला.

या प्रकरणातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. हद्द ठरविण्याचे काम प्रथम शेजारी, वृद्ध, गुराखी आणि सीमेलगत नांगरणारे शेतकरी यांच्याकडे सोपविले आहे. शेजाऱ्यांसाठी तेथे ‘सामंत’ हा शब्द येतो. दुसरी गोष्ट अशी की, सीमा ओळखण्यासाठी झाडे, वारुळे, खोलगट जागा यांबरोबर कोळसा, कोंडा, हाडे यांसारख्या पुरून ठेवलेल्या खुणांचाही आधार सांगितला आहे. माणसाची आठवण आणि जमिनीतील खूण यांची सांगड घातल्याशिवाय हद्द सिद्ध होत नाही, हे सूत्र त्यामागे दिसते. आजच्या व्यवस्थेत खुणेची जागा नकाशाने घेतली. आठवणीची जागा मात्र रिकामी राहिली.

हद्दीच्या तीन रेषा

पहिली रेषा कागदावरची. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सालारजंग यांच्या काळातील महसूल सुधारणांनंतर येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदी झाली आणि पुढे हैदराबाद जमीन महसूल कायदा, १३१७ फसली हा लागू होता. त्यामुळे येथील जुने दप्तर उर्दू, फारसी आणि मोडीत आढळते. सेतवार आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक यांचे महत्त्व आजही टिकून आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक टप्प्यावर दप्तर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत गेले. आपल्या जमिनीचा मूळ कागद वाचता येत नाही, अशी अवस्था असलेली कुटुंबे या भागात म्हणूनच अनेक आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सातबारा उतारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. दोन हेक्टर जमीन कोणाच्या नावे आहे हे त्यावरून कळते. ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे कळत नाही. भावाभावांत तोंडी वाटणी झाली, सातबाऱ्यावर हिस्से स्वतंत्र झाले, परंतु पोटहिश्शाची मोजणी झालीच नाही, असे असंख्य गट आहेत. कागदावर हिस्से चार, नकाशावर गट एकच. अशा ठिकाणी कुंपण घातले की ज्याला आपण शेजाऱ्याचा वाद म्हणतो तो प्रत्यक्षात भाऊबंदकीचा वाद असतो.

गावनकाशाच्या प्रमाणाचाही विचार करावा लागतो. १ : ५००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ प्रत्यक्ष जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. म्हणजे नकाशाची छायाप्रत हातात घेऊन खांब रोवणाऱ्या शेतकऱ्याची चूक एका माणसाच्या उंचीपेक्षा अधिक असू शकते, आणि तरीही तो प्रामाणिक असू शकतो.

दुसरी रेषा वहिवाटीची. येथील काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीत रोवलेले हद्दीचे दगड कलतात, खचतात, काही वेळा गाळाखाली जातात. बैलाच्या वखराला बांधाशी वळण घ्यावे लागे. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर बांधाच्या पोटात शिरतो. भरीस मृदसंधारणाच्या कामांत घातलेले समपातळी बांध जमिनीच्या उतारानुसार गेलेले असतात, मालकीच्या रेषेनुसार नव्हे. एक पिढी गेली की नवी पिढी त्या सरकारी बांधालाच हद्द समजू लागते.

तिसरी रेषा आठवणीतील. "आजोबांच्या काळी त्या चिंचेपासून विहिरीच्या काठापर्यंत" असे तिचे वर्णन असते. चिंच वठते, विहीर बुजते, आजोबा जातात; रेषा मात्र कुटुंबाच्या मनात जशीच्या तशी राहते. तिला कागदाचा आधार नसल्याने ती सिद्ध करता येत नाही आणि म्हणूनच तिच्यासाठी माणूस अधिक हट्टाने भांडतो.

मोजणी काय करते आणि काय करीत नाही

वाद सुरू झाला की पहिला सल्ला मिळतो तो "मोजणी आणा" हा. सल्ला योग्य आहे. अपेक्षा मात्र बहुधा चुकीची असते. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख विभागाच्या तालुका पातळीवरील उपअधीक्षकांकडे करावा लागतो. लगतच्या खातेदारांना आगाऊ नोटीस दिली जाते, भूकरमापक मूळ अभिलेखाच्या आधारे हद्दीच्या खुणा दाखवितो आणि अर्जदारास मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. पूर्वी साखळी व फलकयंत्र यांनी होणारे हे काम आता उपग्रहाधारित रोव्हर यंत्राने होते. मोजणी मान्य नसल्यास निमताना आणि त्यानंतर सुपर निमताना मोजणीची तरतूद आहे.

परंतु भूकरमापकाला ताबा देण्याचा अधिकार नाही. "मोजणीत माझे दोन गुंठे शेजाऱ्याकडे निघाले" एवढ्यावरून तेथे तार ओढणे म्हणजे कायदा हातात घेणे होय. जमीन महसूल संहितेची कलमे १३२ पासून पुढे हद्द व हद्दीच्या खुणा यांविषयी आहेत. कलम १३५ अन्वये हद्दीच्या वादाचा निर्णय करता येतो व अशा निर्णयाचा परिणाम कलम १३८ मध्ये सांगितला आहे. मालकी किंवा ताब्याचाच प्रश्न असेल तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे. तेथेही अतिक्रमणाच्या दाव्यात भूमी अभिलेखाच्या अधिकाऱ्याची न्यायालयीन आयुक्त म्हणून नेमणूक होऊन मोजणी केली जाते. आधी नोटिशीशिवाय किंवा एकतर्फी झालेली मोजणी अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाही. हद्दीची खूण नष्ट करणे वा हलविणे हा संहितेच्या कलम १४५ अन्वये दंडनीय अपराध आहे आणि शासकीय अधिकाऱ्याने बसविलेली खूण हलविण्याबद्दल फौजदारी कायद्यातही स्वतंत्र शिक्षा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

बारा वर्षांच्या मुदतीविषयीही असाच गोंधळ आहे. मुदत अधिनियम, १९६३ अन्वये ताबा परत मिळविण्याच्या दाव्यास बारा वर्षांची मर्यादा आहे; परंतु नुसती बारा वर्षे उलटली म्हणजे कोरलेला बांध आपला झाला असे होत नाही. ताबा उघड, अखंड आणि मूळ मालकाच्या हक्काविरुद्ध होता, हे सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये प्रतिकूल ताब्याच्या आधारे वादीलाही दावा आणता येतो असा निर्णय दिला. त्यामुळे जो वेळीच हरकत घेत नाही त्याचा धोका वाढला आहे, एवढे मात्र खरे.

वाट आणि पाणी

कुंपणाच्या वादात पुष्कळदा जमिनीचे क्षेत्र हा मुद्दाच नसतो. कुंपण अगदी अचूक हद्दीवर घातलेले असते, तरीही मागच्या शेताची वाट बंद होते. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने दाखविलेली असते. पण बांधावरून चालत आलेली वाट नकाशावर नसतेच. अशा वेळी संहितेचे कलम १४३ उपयोगी पडते. बांधावरून रस्ता मिळावा असा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो आणि शेतकऱ्यांची गरज पाहून ते निर्णय देतात. अस्तित्वात असलेली वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडविला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये अडथळा दूर करून मागता येतो. मात्र ही मागणी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत केली पाहिजे. पेरणी, काढणी आणि पाहुणेरावळे यांत हे सहा महिने निघून जातात आणि सोपा उपाय हातचा जातो. शेतरस्त्यांची रुंदी किमान तीन ते चार मीटर असावी आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी, असे धोरण मे २०२५ च्या शासन निर्णयाने स्वीकारले आहे. नवे कुंपण घालणाऱ्याने आणि त्याला हरकत घेणाऱ्यानेही ते लक्षात घ्यावे.

गावठाणातील कुंपण : किल्लारीनंतरची वस्ती

शेताइतकाच हा प्रश्न घराच्या आवारालाही लागू आहे. लातूर जिल्ह्यात त्याचे ठळक उदाहरण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनात सापडते. किल्लारी आणि परिसरातील जुन्या गावांत दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे एकमेकांना चिकटून होती. दोन घरांमधील भिंत हीच हद्द होती आणि अरुंद बोळ सर्वांचा होता. भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे रुंद सरळ रस्ते, स्वतंत्र भूखंड आणि त्याच्या मध्ये सुटे घर अशी रचना आली. घरांचे आकार कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फूट असे ठरविले गेले.

सामायिक भिंत गेली तशी तिच्याबरोबरची समजूतही गेली. सुट्या घराभोवतीच्या मोकळ्या जागेत जनावरे, सरपण, कडबा ठेवण्यासाठी आणि घरातील बायकांना आडोसा मिळावा म्हणून रहिवाशांनी हळूहळू भिंती आणि कुंपणे उभी केली. ज्या हद्दीला पूर्वी वहिवाट नव्हती, आठवण नव्हती, केवळ आराखडा होता, तेथे ती प्रथमच माणसांना आपापसांत ठरवावी लागली. कुंपण ही केवळ संशयाची खूण नसून घरपण मिळविण्याचा प्रयत्नही असतो, हे या उदाहरणावरून लक्षात येते. इतर गावांच्या गावठाणांत घरनिहाय मोजणी दीर्घकाळ झालेली नव्हती. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. त्या मोजणीच्या वेळी दोन्ही शेजारी हजर असणे किती मोलाचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

एका फुटाची किंमत

या वादात नेमके किती पणास लागलेले असते? एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, अर्थात १०८९ चौरस फूट. दोन शेतांमधला बांध ६६० फूट लांब आहे आणि तो एक फूट सरकला असे समजू. गेलेली जमीन ६६० चौरस फूट, म्हणजे सुमारे ०.६ गुंठा होते. एकरी चार क्विंटल सोयाबीनचा उतारा धरला तर एवढ्या जागेत सहा किलो सोयाबीन पिकते. २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या क्विंटलला ५३२८ रुपये या किमान आधारभूत किमतीने त्याचे मूल्य सुमारे ३२० रुपये भरते. जमिनीचा भाव एकरी दहा लाख धरल्यास त्या पट्टीची किंमत पंधरा हजार होते.

मोजणीची फी, वकिलाची फी, तारखांचे खेटे आणि बुडालेली मजुरी यांच्यापुढे हे आकडे फार लहान आहेत. तरीही माणसे मागे हटत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने प्रश्न एका फुटाचा नसतो. आज एक फूट सोडला तर उद्या दोन फूट जातील, ही भीती त्यामागे असते. आणि गावात आपण दबलो असे दिसेल, ही त्याहून मोठी भीती असते. एकट्या वृद्ध, विधवा किंवा नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेल्या खातेदाराच्या बाबतीत ही भीती निराधार म्हणता येत नाही. म्हणून "एवढ्याशा जागेसाठी कशाला भांडता" हा उपदेश निष्फळ ठरतो. हवी असते ती पुन्हा सरकणार नाही अशी हद्द आणि मान न गमावता तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट.

समेटाचे मार्ग

अशी वाट दाखविणारे काही प्रयत्न राज्यात झाले आहेत. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने महसुली व दिवाणी तंटेही गावपातळीवर मिटविण्याची चौकट दिली. ३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयाने आलेली सलोखा योजना अधिक नेमकी आहे. एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षे असेल, तर परस्पर संमतीने अदलाबदलीचा दस्त करताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी प्रत्येकी केवळ एक हजार रुपये आकारली जाते. वहिवाटीची रेषा आणि कागदाची रेषा यांना एकत्र आणणारी ही योजना आहे; मात्र तिची पहिली अट दोघांची संमती हीच आहे.

कुंपण घालण्यापूर्वी पाळावयाचा क्रमही यातूनच निघतो. दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून अर्ज करावा आणि खर्च वाटून घ्यावा. मोजणीच्या दिवशी गावातील दोन जाणती माणसे हजर असावीत. खुणा पटल्यावर लगेच पक्के दगड रोवावेत. वाट, पाण्याची सांडी आणि बांधावरची झाडे यांविषयी लेखी समजूत करावी. तारेचा क्रम त्यानंतर. प्रत्यक्षात मात्र आधी तार, मग तक्रार, त्यानंतर मोजणी असा उलटा क्रम घडतो आणि तोवर दोन्ही घरांचे बोलणे थांबलेले असते.

समारोप

बांधाने पिढ्यान्‌पिढ्या जे काम केले ते कुंपणाला जमत नाही, म्हणून कुंपणच नको असे म्हणता येणार नाही. पिकांचे रक्षण हवे आणि घराला आडोसाही हवा. परंतु कुंपण रोवताना बांधाची रुंदी, म्हणजे त्यावरची वाट, पाणी आणि बोलणे, कोठे तरी राखून ठेवावी लागेल.

या कामी महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी दत्तक गावांत भरतात. तेथे भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी गावनकाशा वाचून दाखवावा, विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सहा महिन्यांची मुदत समजावून सांगावी, मोडी जाणणाऱ्या अध्यापकांनी जुने कागद वाचून द्यावेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही. स्मृतिकारांनी हद्द ठरविताना पहिला मान शेजाऱ्याला दिला होता. शेजाऱ्याला प्रतिवादी होण्यापूर्वी साक्षीदार होण्याची संधी मिळाली, तर तहसीलच्या आवारातील पिशव्यांची संख्या थोडी तरी कमी होईल.